३,४६,५०० रुपयांची 'कांग्शी' फुलदाणी: गोव्यात जुन्या घरातला माल घेणाऱ्यांनी वाचा

जुनी चिनी म्हणून घेतलेल्या एका बनावट फुलदाणीत एकूण गेले ३,४६,५०० रुपये. ४०,००० यूपीआयने, २,७५,००० आरटीजीएसने, २५,००० कॅश आणि वर 'व्हॅल्युएशन सर्टिफिकेट'चे ६,५००, जे सर्टिफिकेट आता नुसतं दिसलं तरी डोकं फिरतं. सासऱ्यांना घरात अजून खरा आकडा माहीत नाही, म्हणून नाव न घालता लिहितोय.

सासष्टीतलं बंद घर, मालक लिस्बनला, घर विकायला काढलंय, आतलं सामान गुपचूप बाहेर पडतंय, ही स्टोरी गोव्यात कोणाला सांगायला नको. खपते कारण अशी घरं खरंच आहेत. चांदोरचा ब्रागांझांचा वाडा बघितलेल्याला माहीत आहे की भाटकारांच्या, म्हणजे जमीनदारांच्या, घरात चीनमधल्या मकावहून आलेली चिनी पोर्सेलिन असायची, ओल्ड गोव्यात तर जमिनीतून तिचे तुकडे निघालेत. त्यामुळे 'गोव्यात कुठली आली चिनी फुलदाणी' असं म्हणायची सोयच नव्हती. मी काही रस्त्यावर पितळेचा कंदील घेऊन फसणारा टुरिस्ट नाही, फोंड्यात वाढलोय आणि जुन्या वस्तूंचा नाद मला कॉलेजपासून आहे.

विकणारा माणूस गोड. पहिल्या फोनपासून 'पात्रांव (म्हणजे शेठ), तुमच्यासारख्या जाणकाराकडेच ही जायला पाहिजे'. सांगितले ४,२५,०००, घासाघीस करून ३,४०,००० वर आला, आणि आपण जिंकलो असं वाटायला लावणं हा त्याच धंद्याचा भाग असतो हे मला आता कळतंय. पहिला सल्ला इथेच घ्या: तुमच्या ज्ञानाची स्तुती करणाऱ्या विक्रेत्याकडून काहीही घेऊ नका.

आणि त्याचं पाठांतर! फुलदाणी चीनमधल्या जिंगदेझेनची, बादशहा कांग्शी (१६६२ ते १७२२) याच्या काळातली. काओलिन (पांढरी माती) आणि चिनी दगडाची पूड मळून भांडं घडवायचं, कच्च्या भांड्यावरच कोबाल्टने निळं चित्र काढायचं, वर ग्लेझ, म्हणजे काचेसारखा लेप, चढवून साधारण १३०० अंशांवर एकदाच भाजायचं, यातलं एक अक्षर खोटं नाही, मी घरी येऊन तपासलं होतं. एक भांडं सत्तर हातांतून जातं असं एका फ्रेंच पाद्रीने लिहून ठेवलंय, हेही त्याने ऐकवलं. तेही खरं निघालं, द'आंत्रकोल नावाच्या जेझुइट पाद्रीचं १७१२ चं पत्र आहे. फक्त त्याच पत्रात नवी भांडी जुनी कशी दाखवायची तेही दिलंय, म्हणजे कोंबड्याच्या आणि इतर मांसाच्या चरबीदार रश्श्यात उकळायची आणि मग महिनाभर घाण गटारात ठेवायची. हे मात्र त्याने सांगितलं नाही. मी ते पैसे गेल्यावर वाचलं.

बुडावर निळ्या दुहेरी वर्तुळात कांग्शीच्या नावाची सहा चिनी अक्षरं. लोकहो, त्या अक्षरांवरून काहीही सिद्ध होत नाही! १६७७ साली जिंगदेझेनच्या अधिकाऱ्याने भांड्यावर बादशहाचं नाव घालायला बंदी केली होती, म्हणून त्या काळातल्या कितीतरी अस्सल भांड्यांवर नुसतं रिकामं वर्तुळ किंवा एखादं पान असतं. आणि कांग्शीचं नाव एकोणिसाव्या शतकातल्या मालावर सर्रास मिळतं, आजच्या मालाचं तर विचारूच नका.

आता मालकीचा इतिहास, जिथे मी खरा अडकलो. फुलदाणी मकावहून जहाजाने आली, घराण्यात राहिली, आणि १९३२ साली भावाभावांत वाटणी झाली तेव्हाच्या इन्व्हेंटरीत तिची नोंद, असं सांगून त्याने पिवळा पडलेला पोर्तुगीज कागद समोर ठेवला. सही, शिक्का, वस्तूंची यादी, प्रत्येकीसमोर किंमत. फुलदाणीसमोर लिहिलं होतं १२० एस्कुदो.

एस्कुदो! १९३२ साली! गोव्यात १९५८ पर्यंत रुपिया चालत होता, पोर्तुगालचा एस्कुदो आला तो त्यानंतर, मुक्तीच्या जेमतेम तीन वर्षं आधी. माझ्या आजोबांच्या पेटीतले रुपियाचे नाणे मी लहानपणापासून हातात खेळवलेत, माझ्याएवढं हे कोणाला माहीत असणार? तो शब्द मी मोठ्याने वाचला. बोट ठेवून वाचला. आणि तो पठ्ठ्या लगेच म्हणाला, 'पात्रांव, १२० म्हणजे तेव्हा केवढी रक्कम!' आणि मी आकड्याचा विचार करत बसलो, नाण्याचा नाही. बरं, समोर तीनशे वर्षांची वस्तू ठेवलेली, खोलीत अंधूक उजेड, दुसरं गिऱ्हाईक बाहेर गाडीत बसलंय असं सारखं सांगणं चालू, अशात कोणाच्या लक्षात येणार होतं? नंतर आमच्या शेजारच्या काकांनी, जे पोर्तुगीज शाळेत शिकलेत, चष्मा न लावता तो शब्द पकडला आणि इतके हसले की मला उठून यावंसं वाटलं.

दुसरं म्हणजे, १७२२ ला बादशहा मेला आणि कागद १९३२ चा, मधली दोनशे वर्षं ती फुलदाणी कुठे होती? कोणीही सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही कारण 'घराण्यात होती' हे उत्तर आधीच मिळालेलं. खरी इन्व्हेंटरी कोर्टातून झालेली असते. केस नंबर मागा, सर्टिफाइड कॉपी स्वतः काढा, विक्रेत्याने दिलेल्या झेरॉक्सवर जाऊ नका. माझ्याकडे मागितला तसा आरटीजीएस विक्रेत्याने स्वतःच्या 'भाच्याच्या' खात्यावर मागितला तर तिथूनच परत फिरा.

तो हेही म्हणाला की लंडनच्या लिलावात चाळीस लाख सहज. १९७२ च्या पुरातन वस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांपेक्षा जुनी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवताच येत नाही, आणि असा माल विकण्याचा धंदा करायलाही लायसन्स लागतं. म्हणजे वस्तू खरी असती तर लंडन बेकायदा, आणि लंडन शक्य असेल तर वस्तू नवी. लायसन्स दाखव म्हणा, फोन कट होतो.

पोर्सेलिनमधल्या एका मुंबईच्या जाणकार बाईंनी आत टॉर्च मारला आणि साच्याची उभी शिवण दाखवली, मग भिंगातून निळा रंग दाखवला, ब्रशचे फटकारे नाहीत, छापील ठिपके! तशीच फुलदाणी ऑनलाइन ४,८०० ला मिळते. टॉर्च माझ्या मोबाइलमध्येही होता, पण तो काढला की 'ग्लेझला त्रास होतो' असं सांगून त्याने हात धरला होता. जो टॉर्च मारू देत नाही त्याला नमस्कार करून निघा.

आता आपले रक्षणकर्ते. पोलीस स्टेशनवर आधी तासभर बाकावर, मग साहेब म्हणाले हा दिवाणी मामला आहे, तुम्ही बघून घेतलंत ना? खोटा कागद दाखवून पैसे घेतले तर ती फसवणूक नाही? भारतीय न्याय संहितेचं ३१८ कलम मी मोबाइलवर उघडून दाखवलं, तर म्हणतात 'वकील आहात काय?' मग म्हणे वस्तू खोटी आहे असं सरकारी सर्टिफिकेट आणा. सरकारी खात्यात गेलो तर तिथे म्हणाले आम्ही खासगी वस्तू तपासून देत नाही, पोलिसांचं पत्र आणा. पोलीस म्हणतात आधी सर्टिफिकेट, खातं म्हणतं आधी पत्र, आणि मधे मी बबल रॅपमध्ये गुंडाळलेली ४४ सेंटिमीटरची फुलदाणी कडेवर घेऊन, शिपाई विचारतोय चवथीच्या सजावटीची काय! बँकेने सांगितलं तुम्ही स्वतः फॉर्म भरून पैसे पाठवले, आम्ही काय करणार, त्या खात्याची माहिती देता येत नाही. म्हणजे चोराची प्रायव्हसी सांभाळायची, माझी अब्रू बाकावर! ग्राहक आयोगात जावं तर वकील म्हणतो तुम्ही मेसेजमध्ये 'पुढे विकायला घेतोय' असं लिहून बसलात, फेरविक्रीसाठी घेणारा ग्राहक धरत नाहीत. असे मेसेज कोणालाही लिहू नका, मनातसुद्धा.

स्टेशनवर तक्रार घेत नसतील तर नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३(४) प्रमाणे एसपींना लेखी पोस्टाने पाठवता येते, हे मला कोणत्याही पोलिसाने सांगितलं नाही, स्वतः शोधावं लागलं. माझा अर्ज गेलाय, पोचपावती आलीय, पुढे काही नाही.

त्या माणसाच्या फोनवरून सध्या शिसवी सोफ्याचे फोटो फिरतायत, खाली तोच 'सासष्टीचं घर', आणि सोबत १९४० चा कागद. तुम्हाला आला तर किंमत कुठल्या नाण्यात लिहिलीय ते आधी वाचा, आणि त्याचं खातं कोणाच्या नावावर आहे ते मला कळवा, कारण मी पैसे पाठवले ते 'भाच्याचं' खातं आता बंद आहे.