‘साउंडप्रूफ’ म्हणून माझ्या गळ्यात मारलेला फोम

घरी गाणं रेकॉर्ड करण्यासाठी खोली तयार करत असाल तर हे वाचा. माइक, ऑडिओ इंटरफेस, हेडफोन या खरेदीत मला कुणी फसवलं नाही. फसवलं ते भिंतींना फोम लावून देणाऱ्याने. “खोली साउंडप्रूफ करून देतो, रात्री तबला वाजवा, शेजारी पत्ता लागणार नाही,” असं त्याने स्पष्ट सांगितलं होतं. अर्धे पैसे आगाऊ घेतले, उरलेले काम संपताक्षणी.

ही माणसं टाळी वाजवून दाखवतात. रिकाम्या खोलीत टाळी खणखणते, फोम लावल्यावर तीच कोरडी वाटते, आणि आवाज थांबला असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात भिंतींवर आपटून परत येणारे उंच पट्टीचे आवाज तेवढे फोमने शोषलेले असतात. भिंतीपलीकडे जाणारा आवाज होता तसाच जातो. तो अडवायला वजन लागतं: जाड वीट, काँक्रीट, जिप्सम बोर्डचे दुहेरी थर. शिवाय दाराखालची फट बुजवावी लागते. त्याने दाराला हातही लावला नव्हता.

दुसरी थाप कागदावरची होती. पत्रकात ‘एनआरसी ०.८५’ छापलं होतं आणि तो म्हणाला, “म्हणजे ८५ टक्के आवाज बाहेर जात नाही.” हे साफ खोटं. एनआरसी म्हणजे २५०, ५००, १००० आणि २००० हर्ट्झ या चार कंपनसंख्यांना (आकडा जितका मोठा, तितका सूर उंच) मोजलेल्या शोषणाची सरासरी. पलीकडे किती आवाज गेला याच्याशी तिचा संबंधच नाही; त्यासाठी एसटीसी हा वेगळा आकडा असतो. शिवाय २५०च्या खालचं त्यात काहीच येत नाही. डग्ग्याचा घुमारा १०० हर्ट्झच्या आसपासचा, म्हणजे सुमारे ३.४ मीटर लांबीची लहर. इंचभर फोम तिच्या खिजगणतीतही नसतो. आमचं रेकॉर्डिंग तसंच बिघडलं: गळ्याची चमक गेली आणि डग्गा कोपऱ्यांत घुमत राहिला. शेजाऱ्यांची तक्रार आली ती वेगळीच.

मग एक तुकडा उचकटून पाहिला. पत्रक एका मालाचं आणि भिंतीवर खाचा पाडलेला साधा पॅकिंगचा फोम! याचा मला सर्वांत जास्त संताप आहे, कारण इथे प्रश्न नुसत्या पैशांचा उरत नाही. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमध्ये फेब्रुवारी २००३मध्ये ‘द स्टेशन’ या नाइटक्लबला आग लागली. आवाजासाठी भिंतींवर लावलेल्या पॉलियुरेथेन फोमने आतषबाजीच्या ठिणग्यांवर पेट घेतला आणि १०० माणसं गेली. आपल्या खोलीत तारांची गुंतवळ आणि तापणारे अडॅप्टर रात्रभर चालू असतात. आगीच्या चाचणीचा अहवाल मागितल्यावर तो आधी “पाठवतो” म्हणाला, नंतर फोन उचलेनासा झाला. पैसे परत मिळालेले नाहीत.

तुमच्याकडे असा कुणी आला तर आधी विचारा: आवाज अडवणार की खोलीतला घुमारा कमी करणार? अडवणार म्हणाला तर एसटीसीचा आकडा लेखी घ्या. अहवालावरचं मालाचं नाव आणि आलेल्या खोक्यावरचं नाव जुळवून पाहा, आणि ते होईपर्यंत शेवटचा हप्ता देऊ नका. नुसता घुमारा कमी करायचा असेल तर कापडात गुंडाळलेले १० सेंटिमीटर जाडीचे रॉकवूलचे (दगड वितळवून काढलेल्या लोकरीसारख्या तंतूंचे) पॅनेल भिंतीपासून थोडं अंतर सोडून, आधी कोपऱ्यांत लावा. रॉकवूल सहसा पेटत नाही. मी फोम उतरवून तेच लावले आहेत. तबला मात्र अजून दिवसाच वाजवावा लागतो.