बोरीच्या चढावरचा मेस्त आणि डब्ल्यू १२३ च्या पुढच्या स्प्रिंगा

जुन्या गाडीच्या पुढच्या स्प्रिंगा बदलायच्या असतील आणि तिची उंची कंपनीने ठरवली होती तिथे परत आणायची असेल, तर गोव्यात मी एकच गॅरेज सुचवेन. बोरीच्या पुलावरून फोंड्याकडे येताना चढावर माडांच्या मागे पत्र्याची शेड आहे. पाटी नाही. मेस्तने (म्हणजे तिथल्या मेकॅनिकने) नाव आणि नंबर छापू नको असं सांगितलंय, त्यामुळे ते देत नाही. बोरीत उतरून जुन्या फियाटवाला मेस्त कुठे बसतो म्हणून विचारलं की कुणीही दाखवतं.

सुचवण्याचं कारण एकच. हा माणूस मोजतो. काम सुरू करण्याआधी मोजतो, मधे मोजतो, झाल्यावर मोजतो आणि पुन्हा बोलावून मोजतो.

आमची गाडी १९८२ ची मर्सिडीज २४० डी, म्हणजे डब्ल्यू १२३. नैरोबीहून कायमचं परतलेल्या एका गोयकार कुटुंबाकडून बाबांनी ती घेतली, म्हणून स्टिअरिंग उजवीकडे. २.४ लिटरचं डिझेल इंजिन, ७२ अश्वशक्ती; घाई असलेल्या माणसाची ही गाडी नव्हे. १९७६ ते १९८६ या काळात डब्ल्यू १२३ मालिकेच्या सगळ्या मिळून सुमारे २७ लाख गाड्या बनल्या, त्यामुळे सुटे भाग आजही मिळतात, हे मालकांचं भाग्य. पण आमच्या गाडीने बरीच वर्षं मिरामारला समुद्राची हवा खाल्ली. पुढच्या स्प्रिंगांवरचा रंग पापुद्र्यांनी निघाला होता, खाली गंजाचे खड्डे पडले होते आणि ड्रायव्हरची बाजू दुसरीपेक्षा उघड खाली बसलेली दिसायची. बोरीच्या पुलाच्या सांध्यांवर पुढून ठक्क असा आवाज यायचा आणि तो थेट हातात जाणवायचा.

त्याआधी दुसऱ्या एका गॅरेजने उजव्या स्प्रिंगच्या वेटोळ्यांमध्ये रबरासारखा बफर अडकवून दिला होता. बाजारात हे बफर सर्रास मिळतात आणि गाडी लगेच वर उचललेली दिसते. पण ज्या दोन वेटोळ्यांमध्ये तो बसतो त्यांची हालचाल जवळजवळ थांबते. मग उरलेल्या वेटोळ्यांना सगळं काम करावं लागतं, स्प्रिंग कडक होते आणि ताण नको तिथे साठतो. गाडी खाली आणण्यासाठी स्प्रिंग कापतात त्याचंही तेच. वेटोळी कमी झाली की तीच तार जास्त ताठ होते. उंची घटते आणि मऊपणाही जातो. शिवाय कापलेलं टोक खालच्या आर्मच्या (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या दांड्याच्या) खोबणीत नीट बसत नाही. मेस्तने तो बफर पाहिला, काढून बाकावर ठेवला आणि म्हणाला, "बाय, आदीं रबर पळोवया, मागीर स्प्रिंग." म्हणजे आधी रबर पाहू, मग स्प्रिंग.

हे रबर म्हणजे स्प्रिंगच्या वरच्या टोकाला बसणारी जाड चकती. डब्ल्यू १२३ ची उंची जुळवायची ती याच चकतीने. चकतीच्या कडेला छोटे उंचवटे असतात आणि ते मोजून जाडी कळते: एक उंचवटा म्हणजे ८ मिलिमीटर, दोन म्हणजे १३, तीन म्हणजे १८, चार म्हणजे २३. स्प्रिंग चाकापासून बरीच आत, आर्मच्या मधल्या भागावर बसते, त्यामुळे चकतीतला फरक चाकापाशी वाढून दिसतो. चकती ५ मिलिमीटरने जाड केली तर मडगार्ड साधारण ८ मिलिमीटर उचलला जातो. इतकी सोपी आणि विचारपूर्वक केलेली सोय पाहिली की त्या काळच्या इंजिनिअरांबद्दल आदर वाटतो. अँबॅसेडरला पुढे टॉर्शन बार, म्हणजे पिळली जाऊन स्प्रिंगचं काम करणारी कांब असते, त्याची उंची बार फिरवून जुळवायची. पद्मिनीला पुढे कॉइल आणि मागे पाटे. मेस्तचा हात या दोन गाड्यांवरच बसलेला, पण मर्सिडीजच्या चकत्यांचं गणित त्याला तोंडपाठ आहे.

मोजण्याची त्याची रीत मी बारकाईने पाहिली. आधी टायरमध्ये हवा बरोबर भरली, टाकी पूर्ण भरून आणायला त्याने आदल्या दिवशीच सांगितलं होतं, डिकी रिकामी. जमीन समतल आहे का ते पारदर्शक नळीत पाणी भरून तपासलं, आणि एका चाकाखाली पातळ पत्रा सरकवला. गाडी पुढून दोनचार वेळा दाबून सोडली, म्हणजे ती आपल्या जागी बसते. आणि मग माप घेतलं ते खालच्या आर्मचं: आतल्या बोल्टचा मध्य जमिनीपासून किती आणि बाहेरच्या बॉल जॉइंटपाशी (आर्म चाकाला जोडणाऱ्या गोल सांध्यापाशी) किती, या दोन्हींतला फरक. मडगार्ड आणि टायरमधली फट तो मोजतच नाही. जुन्या गाडीचं मडगार्ड कधी ठोकून सरळ केलेलं असतं, कधी त्यात पुट्टी भरलेली असते. त्यावरून सस्पेन्शनचं खरं कळत नाही. मर्सिडीजची स्वतःची रीतही हीच, आर्मच्या कलाची. आमच्या गाडीत दोन्ही बाजूंमध्ये १३ मिलिमीटरचा फरक निघाला. चकत्या काढल्यावर उजवीकडची दगडासारखी कडक आणि एका बाजूने फाटलेली होती.

नव्या स्प्रिंगा मी चॅसिस नंबर देऊन जर्मनीहून मागवल्या. इथे एक गोष्ट घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावी. या गाडीला एकच स्प्रिंग नसते. एअर कंडिशनर आहे का, आणखी काय काय बसवलंय, त्याचे गुण मोजून कंपनी स्प्रिंग आणि चकती ठरवायची. स्प्रिंगांवर लाल किंवा निळी खूणही असते. दोन्ही बाजूंना एकाच रंगाची जोडी हवी, नाहीतर नवीन स्प्रिंगा घालूनही गाडी वाकडी राहू शकते. मेस्तने खोकं उघडल्याबरोबर पहिली तीच खूण शोधली.

जुन्या स्प्रिंगा काढताना त्याने मला शेडच्या बाहेर उभं केलं आणि पोराला चहा आणायला पाठवून दिलं. एका पुढच्या चाकावर साडेतीनशे किलोच्या आसपास भार असतो; स्प्रिंग आत असल्यामुळे तिच्यावर तो पाचशेच्या वर जातो, आणि आर्ममधून काढण्यासाठी ती आणखी दाबावी लागते. ती निसटली तर माणूस जातो. आर्मखाली जॅक लावायचा, बॉल जॉइंट सोडवायचा आणि जॅक हळूहळू खाली आणायचा, ही पद्धत मी अनेक ठिकाणी पाहिली आहे. मेस्तकडे स्प्रिंगच्या पोटात जाणारा कॉम्प्रेसर आहे: दोन जाड प्लेटा वेटोळ्यांमध्ये अडकवायच्या आणि मधला लांब स्क्रू फिरवून स्प्रिंग आवळायची. गाडी चार घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर), जॅक फक्त आधाराला. स्क्रूला ग्रीस लावूनच हात घालतो. असं हत्यार स्वतःच्या पैशाने घेऊन ठेवणाऱ्या मेकॅनिकला मी पूर्ण गुण देते.

बसवताना नवी चकती स्प्रिंगवर फिरवून तिची पायरी तारेच्या टोकाला टेकवली, टेप लावून पक्की केली, आणि खालचं टोक आर्मच्या खोबणीत शेवटपर्यंत गेलंय का ते बॅटरी मारून दोनदा पाहिलं. दोन्हीकडे दोन उंचवट्यांच्या चकत्या.

आणि आता ज्या गोष्टीसाठी मी हे सगळं लिहायला बसले ती. आर्मच्या आतल्या बाजूचे बुश, म्हणजे बोल्टभोवतीच्या नळ्या, रबराचे असतात आणि ते सरकत नाहीत, पिळले जातात. गाडी वर टांगलेली असताना बोल्ट आवळले तर आर्म खाली लोंबकळलेल्या स्थितीत रबर पक्कं होतं. गाडी जमिनीवर आली की तेच रबर कायमचं पिळलेलं राहतं. ते गाडीला खोटी उंची देतं, चाल कडक करतं आणि लवकर फाटतं. मेस्तने बोल्ट नुसते हाताने बसवले, चाकं घातली, गाडी खाली उतरवली, शेडमध्येच पुढे-मागे ढकलली, पुन्हा दाबून सोडली, आणि मग स्वतः पाठीवर झोपून गाडीखाली शिरला आणि टॉर्क रेंचने आवळणी केली. गाडी जमिनीवर असताना खाली जागा किती असते ते ज्यांनी पाहिलंय त्यांना या मेहनतीची किंमत कळेल. साठीच्या पुढचा माणूस आहे. पोराला सांगितलं नाही, स्वतः केलं.

गाडीचं नाक सुरुवातीला जरा वर दिसत होतं. एक उंचवट्याच्या चकत्या घालायच्या का, असं मी विचारलं. तो म्हणाला, स्प्रिंगा नव्या आहेत, त्या बसतील. आधी चालवून ये. मी अनमोड घाटातून बेळगावला जाऊन आले, रोजची फोंडा-पणजी होतीच. परत मोजलं तेव्हा उंची मापात आली होती आणि दोन बाजूंतला फरक ३ मिलिमीटरवर. चकतीला हात लावावा लागला नाही. त्या मोजणीचे पैसे त्याने घेतले नाहीत.

उणिवाही आहेत. अलाइनमेंटचं (चाकांचे कोन जुळवायचं) मशीन त्याच्याकडे नाही, आणि उंची बदलली की कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) आणि टो (चाकांची तोंडं आत-बाहेर किती वळलेली आहेत ते) बदलतात, म्हणजे तिथून लगेच दुसरीकडे जावं लागतं. या गाडीचा कॅम्बर खालच्या आर्मच्या एक्सेंट्रिक बोल्टवर (फिरवला की आर्म सरकवणाऱ्या बोल्टवर) जुळतो, हे मशीनवाल्याला सांगा. आमच्या मशीनवाल्याने आधी फक्त टो करून गाडी परत दिली होती. हेडलाइटही पुन्हा जुळवून घ्या, नाक उचललं की समोरच्याच्या डोळ्यात जातात. मेस्त फोन उचलत नाही. एका वेळी एकच गाडी घेतो, त्यामुळे थांबावं लागतं. गणेशचतुर्थीच्या आधी तर आशाच नको. पावसात शेडसमोर लाल चिखल होतो, गाडी वर चढवताना जपून.

दोन्ही बाजूंची मजुरी ७,००० रुपये झाली. शॉक अब्सॉर्बर चांगले होते, ते बदलू नको म्हणाला आणि तेच परत घातले. पुलाच्या सांध्यांवरचा ठक्क आवाज गेला, फर्मागुडीच्या गतिरोधकांवर नाक आता एकदाच खाली जाऊन वर येतं, आणि स्टिअरिंग सोडलं तर गाडी सरळ चालते.

जाणार असाल तर स्प्रिंगा आणि चकत्या आधी मागवून, हातात आल्यावरच जा. तो माल स्वतः आणत नाही. आर्मचे बुश त्याच खेपेला मागवा, कारण जुने बुश तो परत घालत नाही. सकाळी नऊच्या आत गाठा, टाकी भरलेली असू द्या.