नाव आपलं, जागा भाड्याची: मराठी ब्लॉगसाठी घेतलेल्या डोमेन-होस्टिंगचा अनुभव

डोमेन (ब्लॉगचं इंटरनेटवरचं नाव) आणि होस्टिंग (ब्लॉगच्या फायली ठेवायची भाड्याची जागा) एकाच कंपनीकडून घेऊ नका. पाडव्याच्या सुमारास सुरू केलेला ब्लॉग दिवाळीपर्यंत चालवल्यावर माझं हे मत पक्कं झालंय, आणि खाली जे लिहिलंय ते बरंचसं याच एका गोष्टीभोवती फिरतं. ब्लॉग मराठीत आहे. विषय पुण्याच्या पेठा: वाडे, तालमी, हौद, कात्रजहून शहरात पाणी आणणारी पेशव्यांची नळयोजना, असलं सगळं. फोटो भरपूर. ब्लॉगचं नाव इथे देत नाही, जाहिरात करायला आलेले नाही.

आधी नाव, कारण माझा सगळ्यात जास्त वेळ त्यातच गेला. मला नावात ‘वाडा’ हवा होता. इंग्रजीत तो डब्ल्यूने लिहायचा की व्हीने? व्हीने लिहिला तर शोधणाऱ्यासमोर थेट बटाटेवड्याच्या पाककृती येतात. शेवटी एक ए की दोन? ‘पेठ’ घेतलं तर टी-एच, पण काही जण नुसता टी लिहितात. नावात ‘ळ’ असेल तर बोलायलाच नको. बहीण, भाचा आणि शेजारच्या काकू, तिघांना फोनवर नाव सांगितलं आणि लगेच व्हॉट्सॲपवर टाइप करून पाठवायला लावलं. तिघांची तीन स्पेलिंगं आली. ते नाव तिथेच बाद. ही चाचणी फुकट असते आणि दहा मिनिटांत होते. कुठल्याही ‘नेम जनरेटर’पेक्षा मी तिच्यावर जास्त विश्वास ठेवीन. शेवटी जे नाव ठेवलं ते माझ्या आवडीचं पहिलं नव्हे, पण ऐकणारा ते एकाच पद्धतीने लिहितो. मध्ये डॅश नाही, आकडा नाही.

मग सरळ देवनागरीतच नाव का घेतलं नाही? .भारत हे एक्स्टेंशन (नावाच्या शेवटचा भाग, .कॉमसारखा) २०१४ पासून मिळतं आणि त्यात मराठी चालते. मला मोह झालाच होता. पण पडद्यामागे ते नाव रोमन अक्षरांच्या सांकेतिक रूपात जातं, ‘एक्सएन’ आणि दोन डॅशने सुरू होणारं, आणि काही ठिकाणी वाचकाला तेच रूप दिसतं. असली लिंक व्हॉट्सॲपवर आली की आमच्या पिढीतला माणूस ‘फ्रॉड दिसतोय’ म्हणून डिलीट करतो, आणि त्याचं काही चुकतही नाही.

लेखाच्या पत्त्यांचंही तसंच. माझा ब्लॉग वर्डप्रेसवर, म्हणजे ब्लॉग चालवायच्या सॉफ्टवेअरवर आहे, आणि वर्डप्रेस शीर्षकावरूनच लेखाचा पत्ता बनवतो. शीर्षक मराठी असलं की प्रत्येक देवनागरी चिन्हाची टक्क्यांच्या खुणा असलेली नऊ अक्षरं होतात, काना-मात्रेचीसुद्धा वेगळी नऊ. वर्डप्रेसमध्ये पत्त्याच्या या भागाला २०० अक्षरांची मर्यादा आहे, म्हणजे जेमतेम २२ चिन्हं मावतात. ‘तुळशीबागेतल्या राममंदिराचा इतिहास’ एवढं साधं शीर्षकही अर्ध्यात तुटतं, आणि लिंक पाठवली तर टक्के-टक्के असलेली लांबलचक ओळ दिसते. म्हणून प्रत्येक लेखाचा पत्ता मी हाताने, छोटा, रोमन अक्षरांत लिहिते. वेबसाइट बनवून देणारे हे सहसा सांगत नाहीत, कारण त्यांची बहुतेक गिऱ्हाइकं इंग्रजीतली असतात.

मी .इन घेतलं. .कॉमवर कोणीतरी आधीच नाव अडवून ठेवलं होतं आणि त्याचे पाच आकडी रुपये मागत होतं. .इनची नोंदवही निक्सी ही संस्था सांभाळते आणि २००५ पासून ते सगळ्यांसाठी खुलं आहे. दर वर्षीचा खर्च .कॉमपेक्षा कमी पडतो. .कॉमचा घाऊक भावच १ सप्टेंबर २०२४ पासून १०.२६ डॉलर झाला, त्यावर रजिस्ट्रारचा (नावं नोंदवून देणाऱ्या कंपनीचा) नफा आणि १८ टक्के जीएसटी धरला की हजाराच्या खाली टिकत नाही. त्यामुळे कोणी .कॉम शे-दोनशेला देत असेल तर तो स्वतःच्या खिशातून घालतोय आणि पुढच्या वर्षी वसूल करणार, हे उघड आहे. त्याहून वाईट ती नवी चकचकीत एक्स्टेंशनं. पहिल्या वर्षी शंभरच्या आत, दुसऱ्या वर्षी अडीच-तीन हजार. दुकानात ‘रिन्यूअल प्राइस’ बारीक अक्षरात असते. चष्मा लावून वाचा.

नाव ‘विकत घेतलं’ म्हणतो खरं, पण एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांची नोंदणी मिळते. मुदत चुकली तर .कॉमच्या बाबतीत थोडे दिवस सवलत, मग ३० दिवसांचा रिडेम्प्शन काळ, म्हणजे नाव सोडवून घ्यायची शेवटची संधी, त्यात घसघशीत दंड, मग आणखी पाच दिवस आणि नाव बाजारात मोकळं. असं फक्त विसराळू माणसाचं होतं असं नाही. खुद्द गूगलच्या हातून २०२० साली ब्लॉगस्पॉट डॉट इन हे डोमेन निसटलं आणि भारतातल्या लाखो जुन्या ब्लॉग्जच्या त्या लिंक बंद पडल्या. आपण तर सामान्य माणसं. शिवाय आपल्याकडे ऑटो-रिन्यूवर पूर्ण विसंबता येत नाही. रिझर्व्ह बँकेच्या ऑक्टोबर २०२१ पासूनच्या नियमांमुळे कार्डावरचं आपोआप पैसे कापणं रीतसर ई-मँडेट (आधी नोंदवलेली संमती) असेल तरच चालतं, आणि डॉलरमध्ये बिल लावणाऱ्या परदेशी कंपन्यांकडे ते अनेकदा अडकतं. मी नोंदणी एकदम पाच वर्षांची केली आणि यूपीआय घेणारा रजिस्ट्रार निवडला. संपायची तारीख दर वर्षी नव्या कालनिर्णयवर उतरवायची.

दोन गोष्टी पहिल्याच दिवशी करा. नोंदणीनंतर ईमेल पडताळणीचा मेल येतो; .कॉमसारख्या डोमेनसाठी तो १५ दिवसांत क्लिक केला नाही तर नाव स्थगित होतं. आणि रजिस्ट्रारच्या खात्याला दिलेला ईमेल त्याच डोमेनवरचा नसावा, नाहीतर डोमेन बंद पडलं की खात्याची चावीही आतच राहते. तिसरी गोष्ट मी शनिपाराजवळच्या एका ओळखीच्या दुकानदाराकडून शिकले. त्यांची वेबसाइट बनवणाऱ्या मुलाने डोमेन स्वतःच्या नावावर घेतलं होतं. मुलगा बंगळुरूला गेला, फोन उचलेना. दुकान यांचं, पाटी यांची, आणि इंटरनेटवरचं नाव भलत्याचं. कोणीही करून देवो, नोंदणी तुमच्या नावावर आणि तुमच्याच ईमेलवर हवी.

आता होस्टिंग. ते मला अकरा महिन्यांच्या भाडेकरारासारखं वाटतं: घरमालकाशी गोड बोलायचं, पण सामान बांधता येईल इतपतच पसारा ठेवायचा.

पहिलं होस्टिंग एका मोठ्या, सगळीकडे जाहिरात करणाऱ्या कंपनीचं शेअर्ड प्लॅन, म्हणजे एकाच सर्व्हरवर अनेकांच्या वेबसाइट. महिना दीडशेच्या आसपास, पण तो भाव चार वर्षांचे पैसे एकदम भरले तरच. एका वर्षाचं घेतलं तर महिन्याचा दर वाढतो, नूतनीकरणाला त्याच्याही दुप्पट, आणि जीएसटी शेवटच्या पानावर उगवतो. मी एकाच वर्षाचं घेतलं. सोबत ‘फुकट डोमेन’ मिळत होतं ते नाकारलं. चॅटवरच्या मुलाला याचं फार आश्चर्य वाटलं. पण ते फुकट असतं पहिल्याच वर्षी, आणि ३० दिवसांत पैसे परत मागितले तर त्याची किंमत कापून घेतात. मुख्य म्हणजे मग नाव आणि जागा एकाच माणसाच्या हातात.

साइनअप करताना सर्व्हर कुठला हे विचारतात, आणि आधीच टिक केलेला पर्याय बरेचदा अमेरिकेतला असतो. वाचक पुणे-मुंबई-नाशिकचे असतील तर मुंबई निवडा. पुण्याहून मुंबईच्या सर्व्हरला पिंग (जाऊन परत येणारा छोटा संदेश) दहा-वीस मिलिसेकंदांत परत येतं, अमेरिकेला दोनशेच्या वर. दोनशे मिलिसेकंद म्हणजे काय मोठं, असं वाटेल. पण पान उघडायच्या आधी जोडणी, मग एसएसएलची (संपर्क सुरक्षित ठेवणाऱ्या कुलपाची) ओळखपाळख, मग मागणी अशा फेऱ्या होतात, आणि प्रत्येक फेरीला तोच वेळ मोजावा लागतो.

‘१०० जीबी जागा’ या आकड्याला फारसा अर्थ नाही. खरी मर्यादा आयनोडची, म्हणजे फायलींच्या संख्येची. वर्डप्रेसवर एक फोटो टाकला की तो लहान-मोठ्या आकारांच्या सहा-सात प्रती करून ठेवतो. माझ्यासारखे एकेका वाड्याचे तीस फोटो टाकणाऱ्याचे जीबी शिल्लक राहतात आणि फायलींचा कोटा भरत येतो. नको ते आकार बंद केले, आणि प्रश्न मिटला.

खरी परीक्षा गणपतीत झाली. मानाच्या पाच गणपतींच्या इतिहासावर एक लेख होता: कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग, केसरीवाडा. तो कोणीतरी सोसायट्यांच्या ग्रुपमध्ये फिरवला. एरवी दिवसाला मूठभर वाचक येणाऱ्या ब्लॉगवर विसर्जनाच्या आदल्या संध्याकाळी एकदम झुंबड उडाली आणि पडद्यावर ‘५०८, रिसोर्स लिमिट इज रीच्ड’, म्हणजे ठरलेली मर्यादा भरली. शेअर्ड प्लॅनमध्ये एका वेळी सर्व्हरवर किती कामं (प्रोसेस) चालतील यावर बंधन असतं; ते जाहिरातीत ‘अनलिमिटेड व्हिजिटर्स’च्या शेजारी लिहीत नाहीत. सपोर्टला विचारलं तर आधी बॉट, मग तासाभराने एक माणूस, आणि त्याचं उत्तर एकच: वरचा प्लॅन घ्या.

भाचा हिंजवडीत नोकरी करतो. तो म्हणाला, “मावशी, प्लॅन कशाला वाढवतेस, कॅश चालू आहे का ते बघ.” कॅश म्हणजे एकदा तयार केलेली पानं साठवून ठेवणं. ते चालू नव्हतं. सर्व्हरवर लाइटस्पीड नावाचं सॉफ्टवेअर होतं, त्याचं कॅशचं प्लगइन (वर्डप्रेसला जोडायचा जादा भाग) फुकट मिळतं. ते लावल्यावर प्रत्येक वाचकासाठी पान नव्याने रांधायचं बंद झालं, तयार पान वाढलं जाऊ लागलं. रात्री अकरापर्यंत ब्लॉग पूर्ववत. वर क्लाउडफ्लेअरचा फुकटचा प्लॅन लावला; ते फोटोंसारख्या फायलींच्या प्रती स्वतःच्या सर्व्हरवरून वाचकाला देतात, त्यामुळे फोटोंचा भारही कमी झाला. म्हणजे मला वरचा प्लॅन लागतच नव्हता, आणि सपोर्टवाल्याला हे ठाऊक नसेल असं मला वाटत नाही. तरी त्या कंपनीला मी पाचपैकी दोनच देते ते ५०८साठी नाही. बॅकअप परत मिळवायला वेगळे पैसे मागितले, त्यासाठी.

दसऱ्याच्या आसपास जागा बदलली. दुसरा होस्ट छोटा आहे, सर्व्हर मुंबईतच, दर पहिल्या वर्षी थोडा जास्त पण नूतनीकरणालाही तोच. फायली आणि डेटाबेस हलवला, रजिस्ट्रारकडे जाऊन नेमसर्व्हर (नाव कुठल्या सर्व्हरकडे न्यायचं ते सांगणारी नोंद) बदलले, संध्याकाळपर्यंत बहुतेक वाचकांना नवा सर्व्हर दिसायला लागला. जुन्या कंपनीला विचारायची गरजच पडली नाही. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं फुकट एसएसएल तिथे आपोआप लागतं. एसएसएलचे वेगळे पैसे मागणाऱ्याला लांबूनच नमस्कार करा. आता बॅकअप दर आठवड्याला माझ्या ड्राइव्हवर जातो, आणि एकदा तो लॅपटॉपवर उघडून, मराठी अक्षरं नीट येतात का हेही पाहिलं. जुन्या डेटाबेसमधून हलवताना अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हं येण्याचा प्रकार मराठीत अजून होतो. नव्या होस्टला चार. एक गुण फोनवर माणूस मिळत नाही म्हणून कापला.

आणि ज्यांना फक्त लिहायचंय, फोटो मोजके, प्लगइनची हौस नाही, त्यांनी होस्टिंग घेऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे. गूगलचं ब्लॉगर अजून फुकट आहे आणि त्याला आपलं डोमेन जोडता येतं. खर्च फक्त नावाचा. पुढे वर्डप्रेसवर जावंसं वाटलं तर लेख आयात होतात आणि ब्लॉगचं नाव तेच राहतं. मी वर्डप्रेस घेतलं ते वाड्यांचा नकाशा हवा होता म्हणून, आणि तो नकाशा अजून अर्धाच झालाय.

भाच्याचं म्हणणं, आता व्हीपीएस घे, म्हणजे स्वतः सांभाळायचा वेगळा सर्व्हर. त्याला सांगितलंय, सर्व्हरची ठेवरेव तू करणार असशील तर घेऊ. त्यानंतर तो विषय त्याने काढलेला नाही.