पर्णरंध्रांची घडण: एमपीके३/६ आणि बिन२ या दोन विकरांची तुलना

पानावर दोन पर्णरंध्रे सहसा एकमेकांना चिकटून येत नाहीत, त्यांच्यात किमान एक पेशी राहते. अरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातील लहानशा वनस्पतीत हे अंतर राखण्यात दोन प्रकारच्या कायनेजांचा, म्हणजे प्रथिनांना फॉस्फेट गट जोडणाऱ्या विकरांचा, मोठा वाटा आहे.

एमपीके३ आणि एमपीके६ ही जोडी योडा या कायनेजापासून सुरू होणाऱ्या साखळीच्या टोकाला असते. शेजारच्या पेशीकडून ‘इथे नको’ असा संदेश आला की ती स्पीचलेस या प्रथिनाला फॉस्फेट जोडते. ते प्रथिन नष्ट होते आणि रंध्राची सुरुवातच होत नाही. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार योडा निकामी झाल्यास रंध्रांचे पुंजके उमटतात, तर ते सतत चालू ठेवल्यास रंध्रेच येत नाहीत.

बिन२ इतके सरळ नाही, आणि माझ्या मते म्हणूनच ते अधिक रंजक आहे. ब्रासिनोस्टेरॉइड संप्रेरक बिन२ला आवरते. २०१२ मध्ये दोन गटांनी वरकरणी परस्परविरोधी निष्कर्ष मांडले: एकाच्या मते बिन२ योडाला दाबून रंध्रे वाढवते, तर दुसऱ्याच्या मते ते थेट स्पीचलेसवरच फॉस्फेट चढवून ती घटवते. पहिला परिणाम मुख्यतः बीजपत्रांत दिसला, तर दुसरा त्यांखालच्या कोवळ्या खोडात. पुढे २०१८ मध्ये पोलर हे प्रथिन बिन२ला पेशीच्या एका कडेला खेचून नेते, असे आढळले. म्हणजे पेशीत ते कोठे आहे, यावरही त्याचे काम ठरते.