इंदुरात क्राफ्ट बिअर: कोणाला कोणता ग्लास मानवेल

ब्रूपबमध्ये, म्हणजे स्वतःची बिअर जागेवरच बनवणाऱ्या पबमध्ये, चारजण बसले की चार मतं असतात. एकाला बाटलीतली स्ट्राँग हवी, एकीला कडू अजिबात चालत नाही, पुण्याहून आलेला मावसभाऊ आयपीएशिवाय (इंडिया पेल एल या कडवट बिअरशिवाय) बोलत नाही, आणि चौथ्याला उन्हातून आल्यावर फक्त गार घोट हवा असतो. विजयनगर आणि एबी रोडच्या पट्ट्यात आता जागेवर बनवलेली बिअर मिळते, दुकानात बाटल्या आणि कॅन आहेतच. प्रश्न एवढाच की पैसे कशावर घालायचे.

आमचं मत ठाम आहे. इंदुरात बिअर निवडताना आधी ताटात काय आहे ते बघावं, मग बिअर किती ताजी आहे ते, आणि प्रकाराचं नाव सगळ्यात शेवटी. सेव आणि जिरावन (इंदुरी चटपटीत मसाला) यांच्या गावात हा क्रम उलटा केला की चांगली बिअरही वाया जाते.

गव्हाच्या दोन बिअर: हेफवायझन की विट?

जवळपास प्रत्येक ब्रूपबच्या मेन्यूत गव्हाची बिअर पहिल्या ओळीत असते, आणि त्याचं कारण टाक्यांच्या हिशोबात आहे. लागरचं, म्हणजे बाटलीत मिळणाऱ्या नेहमीच्या प्रकारच्या बिअरचं, यीस्ट (साखर आंबवून अल्कोहोल करणारे सूक्ष्मजीव) साधारण 8 ते 13 अंशांवर हळूहळू काम करतं आणि नंतर बिअर शून्याच्या आसपास चार-सहा आठवडे मुरवावी लागते. एवढा वेळ टाकी अडकवून ठेवणं छोट्या ब्रूपबला परवडत नाही. गव्हाची बिअर एल प्रकारची; ती 18 ते 22 अंशांवर आंबते, दोन-तीन आठवड्यांत नळाला लागते आणि गढूळ असली तरी तो दोष धरला जात नाही. म्हणून ती सगळीकडे असते आणि खपत असल्याने बहुतेक वेळा ताजीही असते. उलट, ब्रूपबमध्ये ‘लागर’ दिसली तर किती दिवस मुरवली ते जरूर विचारा. घाईने काढलेल्या लागरला लोण्यासारखा किंवा बटरस्कॉचसारखा वास राहतो, कारण यीस्टला तो वास परत शोषून घ्यायला वेळच मिळालेला नसतो.

गव्हाच्या या दोन्ही बिअर दिसायला सारख्या असल्या तरी चवीला बऱ्याच वेगळ्या आहेत. हेफवायझन जर्मन घराण्याची. तिच्यात निम्म्याहून जास्त माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) गव्हाचा असतो, आणि तिला येणारा केळ्याचा व लवंगेचा वास फक्त यीस्टमधून येतो, वरून काहीही घातलेलं नसतं. तापमान खालच्या बाजूला ठेवलं तर लवंग पुढे येते, 22 च्या वर गेलं तर केळं. मे महिन्यात टाकीचं कूलिंग कमी पडलं की बिअरला केळ्याच्या च्युइंगमसारखा गोडसर वास येतो. असा ग्लास एकदा प्यायल्यावर अनेकजण हेफवायझनचं नाव कायमचं टाकतात, तेव्हा दुसऱ्या ठिकाणची एकदा चाखून मगच मत बनवा.

विट बेल्जियमची. तिच्यात बराचसा गहू माल्ट न केलेला असतो आणि उकळताना धणे व संत्र्याची वाळकी साल पडते. बाटलीत तुलना करायची तर होगार्डन हा तिचा ओळखीचा नमुना, 4.9 टक्के अल्कोहोलचा. ब्रूपबमधल्या दोन्ही बिअर साधारण 4.5 ते 5.5 टक्क्यांच्या असतात. कडवटपणा मोजायचं एकक आयबीयू; या दोघी 8 ते 20 च्या दरम्यान राहतात, म्हणजे कडू जवळजवळ नाहीतच.

कडू न चालणाऱ्या माणसाला आम्ही डोळे मिटून विट सांगतो. भुट्ट्याच्या किसाबरोबर तिची जोडी उत्तम बसते: मक्याचा दुधाळ गोडवा, वरून कोथिंबीर-लिंबू, आणि ग्लासात धणे-संत्रं. हेफवायझनची खरी जागा लौंग सेवेच्या वाटीशेजारी आहे. लवंगेतला युजेनॉल आणि या यीस्टने बनवलेला लवंगी वास देणारा घटक रासायनिकदृष्ट्या जवळचे नातेवाईक आहेत, त्यामुळे दोन्ही वास एकमेकांना उचलून धरतात. ज्यांना गॅस आणि ॲसिडिटीचा त्रास आहे त्यांनी मात्र हेफवायझन जपून घ्यावी. परंपरेनं तिच्यात लागरपेक्षा कार्बन डायऑक्साइड जास्त असतो. आणि वेटरने ग्लासाच्या कडेला लिंबाची किंवा संत्र्याची फोड लावून आणली तर ती काढून ठेवा. सालीचं तेल फेस खाली बसवतं, आणि या बिअरचा अर्धा सुगंध फेसातच असतो.

स्ट्राँगची सवय असलेल्यांसाठी

इथे हिशोब आधी करू. आपल्याकडच्या मानकांप्रमाणे 5 टक्क्यांपर्यंतची बिअर माइल्ड, आणि 5 च्या वर 8 टक्क्यांपर्यंतची स्ट्राँग. 650 मिलीच्या 8 टक्के बाटलीत 52 मिली शुद्ध अल्कोहोल जातं. ब्रूपबच्या 500 मिलीच्या 5 टक्के ग्लासात 25 मिली. म्हणजे एका बाटलीला दोन मोठे ग्लास, तेही जेमतेम. ज्याला असर हवा आहे त्याला ब्रूपबचं बिल नेहमी डाचणार, आणि त्याची तक्रार आकड्यांच्या दृष्टीनं बरोबर आहे.

चवीचा फरक कुठून येतो तेही बघा. स्ट्राँग लागरमध्ये माल्टबरोबर तांदूळ, मका किंवा साखर वापरून अल्कोहोल वाढवतात. त्यामुळे अंगाने बिअर पातळ राहते आणि घशाला अल्कोहोलची ऊब लागते. ती झाकायला बर्फासारखी गार करूनच द्यावी लागते. अशा माणसाला एकदम विट दिली तर तो ‘सरबत आहे’ म्हणणार. त्याला बेल्जियन ट्रिपेल किंवा वायझनबॉक मिळाली तर ती द्या. दोन्ही सात-आठ टक्क्यांच्या घरात जातात आणि तरी चवीला भरदार असतात. नसेल तर त्याने आपली बाटलीच घ्यावी, त्यात कमीपणा काही नाही. सिमरोलच्या माउंट एव्हरेस्ट ब्रुअरीजची ‘स्टॉक’ ही बिअर तर इंदूरच्याच परिसरात बनते. कमी प्रवास केलेली बाटली दूरवरून ट्रकने उन्हातून आलेल्या नामवंत बाटलीपेक्षा चांगली लागू शकते.

आयपीए: कोणी घ्यावी, कधी घ्यावी

पुण्यात डूलाली या ब्रूपबने 2009 साली क्राफ्ट बिअर रुजवायला सुरुवात केली, त्यामुळे तिकडच्या पाहुण्यांची जीभ आयपीएला सरावलेली असते. इंदुरात तीच बिअर त्यांना जास्त कडू लागते. आयपीए 40 ते 70 आयबीयूची, 5.5 ते 7.5 टक्क्यांची. हॉप्सचा (बिअरला कडू चव आणि सुगंध देणाऱ्या फुलांचा) कडवटपणा, अल्कोहोल आणि गॅस हे तिन्ही मिरचीची जळजळ वाढवतात. गराडूवर (तळलेल्या कंदावर) जिरावन भुरभुरून वर लिंबू पिळलं आणि त्यावर आयपीएचा घोट घेतला की तोंडात आगीशिवाय काही उरत नाही; हॉप्सचा संत्र्या-आंब्यासारखा वास शोधूनही सापडत नाही.

म्हणून आयपीए खाण्याच्या आधी घ्या, नाहीतर कमी तिखट तळणाबरोबर. चटणी बाजूला ठेवली तर खोपरा पॅटीस चालतं. नवख्याला ती आवडेल का, हे ओळखायचा सोपा प्रश्न आहे: कारल्याची भाजी गूळ न घालता आवडते का, आणि कॉफी बिनसाखरेची चालते का? दोन्हीला ‘हो’ असेल तर घेऊ द्या. एकालाच असेल तर हेझी आयपीए बघा. ती गढूळ, रसाळ आणि कडवटपणात सौम्य असते.

आयपीएत ताजेपणा सगळ्यांत जास्त महत्त्वाचा. आपल्याकडे हॉप्स मुख्यत्वे बाहेरून येतात (लाहौलमध्ये थोडं पीक होतं), आणि त्यांचा सुगंध बिअर बनल्यापासून उतरायला लागतो. ब्रूपबमध्ये ‘ही बॅच कधी टॅप केली?’ असं विचारा. महिन्याच्या आतली असेल तर घ्या. दोन महिने झाले असतील तर कडू चव शिल्लक असते आणि वास गेलेला असतो, म्हणजे जे आवडत नाही तेवढंच मिळतं.

स्टाउट या काळ्या बिअरबद्दल थोडक्यात. काळी म्हणजे कडक, हा समज चुकीचा आहे. गिनेस ड्राफ्ट 4.2 टक्क्यांची आहे. रंग भाजलेल्या जवामुळे येतो. ब्रूपबमध्ये नायट्रोजनवर असेल तर फेस सायीसारखा दाट येतो. आठ-दहा अंशांवर प्या, बर्फाळ नको, नाहीतर कॉफी-कोकोची चव बंद होते. मावाबाटी या खव्याच्या मिठाईबरोबर ती फार छान लागते.

आंबा किंवा लिचीच्या बिअरला आम्ही पहिली निवड म्हणणार नाही. गर आंबवताना घातला असेल तर फळाची साखर यीस्ट खातं आणि बिअर कोरडी राहते. शेवटी सिरप ओतलं असेल तर ती गोड कॉकटेल होते. कोणतं केलंय ते विचारून घ्या.

ग्लास समोर आल्यावर

फेसाकडे बघा, मग काचेकडे. काचेच्या आतल्या बाजूला बुडबुडे चिकटून बसले असतील तर ग्लास तेलकट किंवा साबणाचा आहे, बदलून मागा. स्वच्छ ग्लासात बुडबुडे मधून वर जातात आणि प्रत्येक घोटानंतर फेसाचं कडं काचेवर राहतं. आता सेवेचा मूठभर तोबरा भरा आणि ओठ न पुसता घोट घ्या: ओठ लागले तिथून फेस फाटत जातो, कारण तेल फेसाचा पडदा मोडतं. टिश्यूने ओठ पुसून प्यायचं, एवढा साधा उपाय. बर्फ जमलेला ‘फ्रॉस्टेड’ मग टाळा. बर्फाच्या कणांवर बिअर फेसाळून बाहेर येते आणि थंडीने वास मरतो.

वास घेताना चार गोष्टी ओळखता आल्या तरी पुरे. लागरला उकडलेल्या मक्याचा वास म्हणजे उकळी अपुरी झाली किंवा नंतर गार करायला उशीर लागला. व्हिनेगरसारखा आंबटपणा बहुधा नळाच्या पाइपमधून येतो. पाइप साधारण दर दोन आठवड्यांनी धुवावे लागतात. ओल्या पुठ्ठ्याचा वास जुन्या, हवा लागलेल्या बिअरचा. आणि दवाखान्यासारखा, बँडेजचा वास आला तर पाण्याकडे संशय न्या: शहरात 1978 पासून नर्मदेचं पाणी येतं, नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो, आणि तो कार्बन फिल्टरने काढला नाही तर आंबवताना तयार होणाऱ्या फिनॉलशी जुळून हाच वास देतो. हेफवायझनमध्ये लवंग हवी, लागरमध्ये ती दोष आहे. दोषी ग्लास नम्रपणे परत करा. चांगल्या ठिकाणी बदलून देतात.

दुकानातून घ्यायची तर

ब्रुअरीवाल्यांचा एक जुना आडाखा आहे: 32 अंशांवर 3 दिवस, 22 अंशांवर 30 दिवस आणि 3 अंशांवर 300 दिवस बिअरला सारखंच म्हातारं करतात. माळव्यातल्या मे महिन्यात, पारा चाळिशीला टेकलेला असताना, शेल्फवरची बाटली आणि फ्रिजमधली बाटली यांत किती अंतर पडतं ते यावरून समजा. फ्रिजमधलीच मागा, बनवल्याची तारीख वाचा. हिरव्या आणि पांढऱ्या काचेतून उजेड शिरतो आणि हॉप्स बिघडून उग्र कुबट वास येतो. तपकिरी काच बरी, कॅन सर्वांत बरा.

टेबलावर मागवताना

चौघांच्या चार आवडी असतील तर टॉवर मागवू नका. अडीच-तीन लिटर एकाच चवीची बिअर, आणि शेवटचा तिसरा हिस्सा कोमट व गॅस गेलेला. त्याऐवजी चाखण्याचे छोटे ग्लास घ्या, साधारण 100 ते 150 मिलीचे, आणि क्रम सांभाळा: विट, हेफवायझन, लागर, मग आयपीए, स्टाउट शेवटी. आयपीए आधी घेतली तर पुढची विट पाण्यासारखी लागते. मधे साधं पाणी, आणि चाखून होईपर्यंत जिरावनाची डबी लांब.

भावाची तुलना ग्लासवर नाही, मिलीवर करा. ‘पिंट’ कुठे 330 मिलीची असते, कुठे 500 ची. बिलात बिअरवर व्हॅट आणि खाण्यावर जीएसटी असे दोन कर वेगळे दिसतात, तेव्हा मेन्यूतला आकडा अंतिम धरू नका. मध्य प्रदेशात 21 वर्षांखालच्यांना दारू देत नाहीत, ओळखपत्र जवळ असू द्या. गाडीसाठी मर्यादा 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅम आहे आणि दोन मोठे ग्लास अनेकांना त्याच्या वर नेतात, म्हणून परतीची कॅब ग्लास मागवण्याआधीच ठरवा.