चौकटीचं सागवान घेतलं त्या वखारीबद्दल

कोकणातल्या घराला दाराची चौकट हवी होती, म्हणून आमच्या सुताराने सांगितलेल्या वखारीत गेलो. मालकांनी ओंडक्याचं कापलेलं टोक पाण्याने ओलं करून दाखवलं. बाहेर करड्या रंगाची पातळ साल, तिच्या आत बोटभर पिवळट पांढरं लाकूड आणि मग सोनेरी तपकिरी गाभा. झाड जिवंत असताना मुळांचं पाणी वर जातं ते या पांढऱ्यातून. गाभ्याचं ते काम थांबलेलं असतं, पण त्यात साठलेल्या द्रव्यांमुळे वाळवी त्याला सहसा लागत नाही. प्रत्येक वलयाच्या सुरुवातीला मोठ्या छिद्रांची रांग असते, नुसत्या डोळ्यांना दिसते. इतकं समजावून कोण सांगतं!

माल घरी आला तर एका उभ्या लाकडाच्या कडेला पांढरा पट्टा. पॉलिशखाली तो झाकला गेला असता आणि पुढे कीड तिथूनच शिरली असती. दुसऱ्या दिवशी बदलून दिलं, पण टेम्पोचं भाडं माझ्याकडून घेतलं. हे मला अजिबात पटलं नाही. लाकूड मात्र अस्सल. रंधा फिरला तसा चामड्यासारखा वास घरभर पसरला. तिथे जाल तर चारही कडा बघूनच पैसे द्या.