सांदण दरीत ‘पूर्ण उतरणार’ म्हणतात आणि अर्ध्यातून परत आणतात

सहल आयोजकांची जाहिरात साधारण अशी असते: सांदण दरी, रॅपलिंग (म्हणजे दोराने कडा उतरणं), लेकसाइड टेंट, रात्री बार्बेक्यू. फोटोत निळं पाणी, काठावर तंबूंची रांग आणि मागे एक त्रिकोणी डोंगर. तो डोंगर तिकोना असतो आणि पाणी लोणावळ्याजवळच्या पवना धरणाचं. सांदणला जायचं ते अकोले तालुक्यातल्या साम्रदहून. तिथे तंबू लागतात ते गावालगतच्या माळावर, जलाशयाच्या काठावर नाही. फोटो दुसरीकडचा निघाला की बाकीच्या मजकुरावरही विश्वास ठेवू नका.

पण तंबू ही किरकोळ बाब. खरी फसवणूक होते ती ‘उतरणे’ या शब्दात.

साम्रदहून दरीच्या तोंडाशी अर्ध्या तासात पोहोचता येतं. पुढे दगडधोंड्यांतून पाण्याचे दोन टप्पे लागतात. पहिला गुडघ्याएवढा. दुसरा पावसाळ्यानंतर छातीपर्यंत, एप्रिलपर्यंत बराच ओसरलेला. त्यापलीकडे पहिला रॅपलिंगचा कडा, साधारण ४५ फुटांचा, आणि खाली आणखी लहान टप्पे. इथून खाली गेलात तरच दरी उतरलात. तिथपर्यंत जाऊन मागे फिरणं ही छान सहल आहे, पण तिचे पैसे वेगळे, खूप कमी.

पैसे पूर्ण उतरण्याचे घेतात. दुपारी दुसऱ्या पाण्याशी रांग तुंबते आणि लीडर सांगतो, ‘उशीर झालाय, आता खाली सोडता येणार नाही.’ उशीर होणारच असतो. हिशेब करा: एका माणसाला दोरावर बांधून, खाली सोडून, दोर मोकळा करायला ६ मिनिटं धरली तरी ४० जणांना एका दोरावर ४ तास लागतात, तेही फक्त पहिल्या कड्यावर. म्हणून बुकिंगआधी विचारा की माणसं किती आणि दोर किती.

दुसरा प्रश्न याहून नेमका: बस कुठे थांबणार? दरी उतरून लोक शहापूरच्या बाजूला डेहणे गावाकडे निघतात, त्यामुळे गाडीला घाट उतरून तिकडे यावं लागतं. गाडी साम्रदलाच उभी राहणार असेल, तर एकतर खाली जायचंच नाही, नाहीतर करोली घाटाने परत चढायचं आहे. ती चढण काही तासांची आहे. वेळापत्रकात ती लिहिलेली नसेल, तर काय ते समजा.

जूनमध्ये ‘काजवे आणि सांदण उतरणे’ असं जोडपॅकेज विकतात. काजवे मेअखेरीस आणि जूनच्या सुरुवातीला खरेच दिसतात. पण पाऊस लागला की आजूबाजूच्या उतारांवरचं पाणी याच अरुंद फटीत येतं, दोन्ही बाजूंना उभे कातळ असतात आणि बाजूला व्हायला जागा नसते. पावसाळ्यात दरीत उतरवायला तयार असलेल्या माणसाकडे मोफतही जाऊ नका.

सामानातली काटकसर फोटोत दिसत नाही. प्रत्येकाला हेल्मेट आणि हार्नेस, म्हणजे दोर अडकवायचा कमर-मांड्यांचा पट्टा, हवं. उतरायच्या दोराशिवाय बिलेचा, म्हणजे घसरल्यास माणसाला धरून ठेवणारा, दुसरा दोर हवा आणि दोन्ही दोर कातळात ठोकलेल्या वेगवेगळ्या बोल्टना बांधलेले हवेत. कातळाच्या धारेवर दोर घासतो तिथे खाली काहीतरी जाड घातलेलं हवं. ‘हेल्मेट आळीपाळीने’ हे उत्तर आलं तर विषय संपला. महाराष्ट्रात २०२१च्या साहसी पर्यटन धोरणानुसार आयोजकांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते, तेव्हा प्रमाणपत्र मागा. ‘नूतनीकरण चालू आहे’ हे उत्तर नव्हे.

पैशांचं बोलायचं तर टोकन म्हणून थोडीच रक्कम द्या. यूपीआयवर पैसे पाठवण्याआधी दिसणारं नाव वाचा. संस्थेऐवजी तिसऱ्याच व्यक्तीचं नाव असेल तर थांबा. जीएसटी लावत असतील तर १५ अक्षरी क्रमांक मागून जीएसटीच्या संकेतस्थळावर टाका. वन्यजीव अभयारण्याचं प्रवेशशुल्क पॅकेजमध्ये आहे का, हेही लिहून घ्या, नाहीतर नाक्यावर पुन्हा वर्गणी गोळा होते. पावती मात्र कुणालाच मिळत नाही.

सहल रद्द झाली आणि परताव्यासाठी ‘हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका’ असं सांगितलं, तर फोन ठेवा. पिन लागतो तो पैसे द्यायला, घ्यायला नाही. पैसे गेलेच तर त्याच दिवशी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, व्यवहार क्रमांक आणि संभाषणाचे स्क्रीनशॉट हाताशी ठेवून. ग्रुपमधून काढून टाकायच्या आत ते स्क्रीनशॉट घेतलेले बरे.